गांडूळ, वाळा आणि देवगांडूळ: सख्खं कोण, चुलत कोण?

आगरातली (सोमवार, सकाळी ९:१०)

परवाची गोष्ट. मृगाचा पाऊस बऱ्यापैकी लागून गेला होता, म्हणून पोफळींना खत घालायला घेतलं होतं. गोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगात दिरांनी कुदळ घातली आणि "साप! साप!" म्हणत दोन पावलं मागे सरले. काठी उचललीच होती. तेवढ्यात सासूबाई पडवीतून ओरडल्या, "मारू नको रे, देवगांडूळ आहे ते. काही करत नाही."

मी ते ओल्या मातीसकट घमेल्यात घेतलं आणि पंधरा मिनिटं नुसती बघत बसले. वीतभरापेक्षा थोडं जास्त लांब, करंगळीपेक्षा किंचित जाड, जांभळट करडं. अंगावर शेजारी शेजारी वळी, एकात एक अंगठ्या घातल्यासारखी. खवला एकही दिसला नाही, कातडी ओली आणि बुळबुळीत. आधी तर तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं तेच कळेना. मग नीट पाहिल्यावर कातडीखाली टाचणीच्या डोक्याएवढा काळसर ठिपका दिसला, तो डोळा. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक बारीकसा कोंब आत-बाहेर होत होता. आणि त्याने तोंड उघडलं तेव्हा आत दात होते! गांडुळाला दात?

नववीतला मुलगा शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "आई, हे गांडुळाचं कोण लागतं?" मी म्हटलं, "सापाच्या आणि गांडुळाच्या मधलं काहीतरी असेल." हे उत्तर माझं मलाच पटलं नाही. दोन रात्री बसून वाचलं, आणि जे कळलं त्याने मी अजून सावरले नाहीये, म्हणून हा धागा.

देवगांडूळ गांडुळाचं कोणीच लागत नाही. म्हणजे लागतं, पण जेवढे तुम्ही-आम्ही गांडुळाचे लागतो तेवढंच. त्याला पाठीचा कणा आहे, कवटी आहे, जबडा आहे. ते उभयचर आहे. आज जिवंत असलेल्यांत त्याचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे बेडूक आणि सॅलॅमँडर.

खरा धक्का पुढे आहे. आमच्याकडे मातीत वाळा सापडतो, तो बारीक काळा आंधळा साप, ज्याला लोक गांडूळच समजतात. वाळा आणि देवगांडूळ शेजारी ठेवले तर कोणीही म्हणेल भाऊ-भाऊ आहेत. पण वाळा देवगांडुळापेक्षा माणसाला जवळचा आहे! साप आणि माणूस यांचा समान पूर्वज साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. त्या दोघांची गाठ देवगांडुळाच्या घराण्याशी घालायची तर आणखी मागे, सुमारे ३५ कोटी वर्षांपर्यंत जावं लागतं.

मला हे कळलं ते आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतामुळे. सासऱ्यांचा आणि त्यांच्या एका दूरच्या भाऊबंदांचा चेहरा इतका सारखा आहे की लोक फसतात. पण सुतक कोणाचं किती दिवस धरायचं हे चेहरा बघून ठरत नाही. वर किती पिढ्यांवर गाठ पडते त्यावरून ठरतं. बापावर पडली तर सख्खा, आजोबांवर पडली तर चुलत, पणजोबांवर पडली तर त्याच्याही पुढचा. जीवांचं नातंही अगदी याच हिशेबाने मोजतात. किती सारखे दिसतात हे विचारायचं नाही, समान पूर्वज किती अलीकडचा हे विचारायचं.

इथे जीवशास्त्र शिकवणारे, अभ्यासणारे बरेच जण आहेत. माझं कुठे चुकत असेल तर सांगा, आणि जे माहीत आहे ते लिहा. मुलगाही वाचतो आहे.

---

कृष्णाकाठ (सोमवार, सकाळी १०:४५)

ताई, फार सुंदर लिहिलंय. सुतकाचं उदाहरण लाखमोलाचं.

आमच्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात. बैलावर चोपड्या लादून फिरायचे, अजूनही काही येतात. दारात बसून तुमच्या घराण्याच्या पिढ्या धडाधड वाचून दाखवतात. आमचं मूळ गाव कुठलं, कोणता भाऊ दुष्काळात कुठे गेला, सगळं त्यांच्याकडे. लहानपणी मला ते जादूगार वाटायचे.

माझा प्रश्न असा की प्राण्यांचा हेळवी कोण? ३५ कोटी वर्षांपूर्वी कोणी चोपडी लिहिली नव्हती. मग कोणाची गाठ कोणावर पडते हे ठरवायचं कशावरून? चेहऱ्यावरून नाही म्हणता, मग हाडावरून म्हणाल, पण हाड म्हणजेही चेहराच की. आमच्या गावात निम्मी घरं एकाच आडनावाची आहेत. आडनावावरून कोण कोणाच्या जवळचं ते काहीच कळत नाही.

---

फळा_आणि_खडू (सोमवार, दुपारी १:२०)

कृष्णाकाठ, तुम्ही प्रश्न विचारता विचारता उत्तराच्या दारात येऊन उभे आहात. मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे, तुमचंच उदाहरण घेऊन पुढे जाते.

समजा गावात शंभर घरं, सगळी एका आडनावाची. हे आडनाव खूप जुन्या पूर्वजाचं, सगळ्यांकडे आलेलं. म्हणून शंभर घरांत आपापसात कोण जवळचं हे सांगायला ते निरुपयोगी. पण चार पिढ्यांपूर्वी एका पणजोबांनी विहिरीजवळ घर बांधलं आणि त्यांच्या वंशजांना "विहिरीवरचे" म्हणायला लागले. आज सात घरं "विहिरीवरची" आहेत. ती सात घरं एकमेकांच्या जवळची हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. तर जुनं, सगळ्यांकडे असलेलं लक्षण नातं सांगत नाही. नव्याने उगवलेलं आणि काहींनीच वाटून घेतलेलं लक्षण नातं सांगतं.

चार पाय हे जुनं आडनाव. घोडा, पाल, बेडूक, तिघांनाही चार पाय, त्यावरून त्या तिघांत जवळचं कोण ते कळणार नाही. पण गर्भाभोवती पाण्याची पिशवी तयार होणं, म्हणजे अंडं किंवा गर्भ कोरड्या जागी वाढू शकणं, हे नंतर आलेलं लक्षण. ते घोड्याकडे आहे, पालीकडे आहे, सापाकडे आहे, आपल्याकडे आहे. बेडकाकडे नाही, देवगांडुळाकडे नाही. म्हणून पाल आणि घोडा एका विहिरीवरचे, बेडूक आणि देवगांडूळ बाहेर. ताईंचा वाळा माणसाच्या जवळ येतो तो असा.

हा विचार नीट पद्धतशीर मांडला तो विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने, १९५० साली. त्याआधी वंशवृक्ष काढत नव्हते असं नाही. डार्विनने १८३७ मध्येच आपल्या टिपणवहीत फांद्या फुटलेलं एक छोटं झाड काढलं होतं. पण तेव्हा बराचसा भर एकूण साम्यावर आणि तज्ज्ञाच्या नजरेवर असायचा. हेनिगने नियम घालून दिला की फक्त नव्या, वाटून घेतलेल्या लक्षणांवर गट पाडायचे, आणि एका पूर्वजाचे सगळे वंशज एकत्र ठेवायचे, अर्धे आत अर्धे बाहेर करायचं नाही.

आता आडनावांचा दुसरा फसवा प्रकार. पाटील! या गावचे पाटील आणि चाळीस कोसांवरच्या गावचे पाटील यांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. दोन्ही घराण्यांकडे पाटीलकीचं काम होतं, म्हणून नाव सारखं पडलं. मातीत घुसून राहायचं हे काम ज्याच्या वाट्याला आलं त्याचं शरीर लांब, गोल, बिनपायांचं होत गेलं. गांडूळ, वाळा, देवगांडूळ हे तिघेही मातीतले पाटील आहेत, घराणी तीन वेगळी. पंख म्हणाल तर वटवाघूळ, पोपट आणि चतुर असेच. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

आणि देवगांडुळांच्या घराण्यात पूर्वी पाय होते याचा पुरावाही आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात इओसिसिलिया नावाचा जीवाश्म मिळाला, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचा. अंग लांबट, पण चार इवले इवले पाय शाबूत!

---

मुशी_बांगडा (सोमवार, रात्री ९:०५)

मॅडम, "सगळे वंशज एकत्र" हा नियम लावला तर आमच्या धंद्याचं नावच उडतं. आमचा तीन पिढ्यांचा मासळीचा व्यवसाय. आज वाचल्यापासून टोपलीकडे वेगळ्याच नजरेने बघतो आहे.

सकाळची एक टोपली सांगतो. मुशी, बांगडा, कोळंबी, माकुल, तिसऱ्या. गिऱ्हाईकाला सगळे "मासे". पण वाचत गेलो तसं कळलं की माकुल आणि तिसरी ही दोन्ही मृदुकाय, म्हणजे एका घराण्यातली. शिंपल्यात बसलेली तिसरी आणि दहा हातांचं माकुल! माकुल साफ करताना आतून जी पारदर्शक, प्लास्टिकसारखी पट्टी निघते ती त्याच्या पूर्वजांच्या शिंपल्याची उरलेली खूण आहे. हजारो वेळा ती ओढून फेकली असेल, कधी हातात धरून पाहिली नव्हती. आज धुऊन उजेडाकडे धरून पाहिली. पिसासारखी दिसते, मध्ये एक कणा.

कोळंबी तर माशांपासून कुठल्या कुठे. ती मुंगी, झुरळ, फुलपाखरू यांच्या घरातली. कीटक हे कवचधारी जलचरांच्याच झाडातली एक फांदी निघाले.

उरले दोन खरे मासे, मुशी आणि बांगडा. मला वाटलं हे तरी सख्खे. तर नाही! मुशीचं घराणं आधीच फुटलेलं, तिचा सांगाडा कूर्चेचा. बांगड्याला हाडं आहेत, आपल्याला हाडं आहेत. बांगडा मुशीपेक्षा आपल्याला जवळचा. हे खरं ना मॅडम? कारण मी आज चार गिऱ्हाइकांना सांगून बसलो आहे.

---

फळा_आणि_खडू (सोमवार, रात्री ९:५०)

अगदी खरं दादा, निश्चिंत सांगा. आणि त्याच्याही पुढे, सीलाकॅन्थ म्हणून एक खोल समुद्रातला मासा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नष्ट झाला असं समजत होते, आणि १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका ट्रॉलरच्या जाळ्यात जिवंत सापडला. मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुणीने तो ढिगातून ओळखून बाजूला काढला. तो मासाही बांगड्यापेक्षा आपल्याला जवळचा आहे. त्याच्या मांसल परांच्या आत आपल्या दंडासारखं एकच हाड खांद्याशी जोडलेलं असतं.

म्हणजे "मासा" हा वंशाचा गट नाहीच. पाण्यात राहणारे, कल्ल्यांनी श्वास घेणारे पृष्ठवंशी, त्यांतून जमिनीवर गेलेली एक फांदी आपण सोयीसाठी वगळली, आणि उरलेल्यांना मासे म्हटलं. बाजारात हा शब्द पाहिजेच, तो वापरा. वंशवृक्षावर मात्र तो बसत नाही.

"सरपटणारे प्राणी" हेही तसंच. वाशिष्ठीतली मगर घ्या. ती पालीच्या जवळची की कोंबडीच्या? कोंबडीच्या! मगर आणि पक्षी यांचा समान पूर्वज पालीच्या घराण्यापासून फुटल्यानंतरचा. मगरीचं हृदय चार कप्प्यांचं, पक्ष्यांचंही. मगर घरटं करते, पिल्लं अंड्यातून आवाज देतात तेव्हा येऊन उकरते, जपते.

---

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ७:३०)

मगर म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या कृष्णेतही आहेत. औदुंबर-भिलवडीच्या बाजूला काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मादी पिल्लांना जबड्यात घेऊन पाण्याकडे नेते हे मी लांबून पाहिलंय. तेव्हा वाटलं होतं, हिला हे कोणी शिकवलं. आता कोंबडीची आठवण येते.

---

सरळ_प्रश्न (मंगळवार, सकाळी ११:१५)

सगळं वाचलं. मनात असलेलं विचारतो, राग मानू नये.

एक, माणूस माकडापासून झाला तर आजही माकडं का आहेत? ती का माणूस होत नाहीत?

दोन, हे सगळं लक्षणांवरून लावलेले अंदाज आहेत. कुठलं लक्षण जुनं, कुठलं नवं, हे ठरवणारेही तेच. मग यात खात्री कशाची? माझा विरोध नाही, पण मुलांना शिकवताना "असं आहे" म्हणून सांगायचं तर आधार पाहिजे.

---

फळा_आणि_खडू (मंगळवार, दुपारी २:००)

राग कशाचा, हे दोन्ही प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतात आणि यावेत अशीच माझी इच्छा असते.

पहिल्याचं उत्तर ताईंच्या कुलवृत्तांतात आहे. तुम्ही तुमच्या चुलतभावापासून झालात का? नाही. तुम्ही दोघं एका आजोबांपासून झालात. तुम्ही आहात म्हणून चुलतभाऊ का नसावा? आपण आणि चिंपांझी यांचे "आजोबा" साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचे. ते चिंपांझीही नव्हते, माणूसही नव्हते. आपली आणि देवळाच्या आवारातल्या लाल तोंडाच्या माकडांची गाठ त्याहून मागे, अडीच-तीन कोटी वर्षांवर पडते. तेव्हापासून त्यांची फांदी आणि आपली फांदी, दोघी तेवढीच वर्षं वाढत आल्या आहेत. त्यांचं कुठे काही अडलेलं नाही.

या गैरसमजाचं मूळ एका चित्रात आहे. वाकलेलं माकड, मग कमी वाकलेलं, मग ताठ माणूस, अशी रांग. मी शिकवायला लागले त्या शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेलं होतं. जिना दाखवणारं चित्र आहे ते, आणि झाडाला जिना नसतो. वंशवृक्षाच्या टोकांवर जे बसलेत ते सगळे आजचे. कोण डावीकडे, कोण उजवीकडे याला अर्थ नाही. लहान बाळाच्या पाळण्यावर चिमण्या टांगलेल्या असतात ना, तसं समजा. दोरीची गाठ धरून एक काडी फिरवली तर चिमण्यांची रांग बदलते, पण कोणती चिमणी कोणत्या काडीला बांधली आहे ते बदलत नाही. झाड वाचताना फक्त गाठी बघायच्या.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी थांबते. पाठभेद इथे असतात, त्यांनी लिहावं अशी विनंती. त्यांच्या क्षेत्रात याहून चांगलं उत्तर आहे असं मला फार दिवसांपासून वाटतं.

---

पाठभेद (मंगळवार, रात्री १०:४०)

आमंत्रणाबद्दल आभार. मी जीवशास्त्राचा नाही, जुन्या हस्तलिखितांत रमणारा आहे. पण आमचं काम आणि हे काम आतून एकच आहे, हे मी मनापासून म्हणतो.

पोथी नक्कल करताना चुका होतात. एखादी ओळ गळते, एखादा शब्द दोनदा पडतो, "घ" चा "ध" होतो. ती पोथी समोर ठेवून पुढचा लेखक नक्कल करतो तेव्हा तीच चूक पुढे जाते, वर त्याची स्वतःची एखादी भर. शंभर वर्षांनी दहा पोथ्या समोर आल्या तर त्यांचं नातं कसं लावायचं? बरोबर असलेल्या पाठांवरून लागत नाही, कारण बरोबर पाठ सगळ्यांकडे मूळ पोथीतूनच आलेला. मॅडमच्या भाषेत ते जुनं आडनाव. नातं लागतं ते वाटून घेतलेल्या चुकांवरून. त्याच श्लोकात, त्याच जागी, तेच अर्धं चरण दोन पोथ्यांत गळलेलं असेल तर दोघींची आई एक. दोन लेखकांनी स्वतंत्रपणे नेमकी तीच चूक, तशा पन्नास जागी केली असेल हे शक्य नाही.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच रीतीने तयार झाली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये पूर्ण झालं. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत वेगवेगळ्या पोथ्यांच्या शाखा-उपशाखांचा वंशवृक्षच काढून दाखवला आहे. काश्मीरची शारदा लिपीतली परंपरा एका बाजूला, दक्षिणेतली मल्याळम दुसरीकडे. तो वृक्ष पाहिला की सजीवांचा वृक्ष पाहिल्याचाच भास होतो.

आता हेच डीएनएला लावा. डीएनए ही पिढ्यान्पिढ्या नक्कल होत आलेली पोथी. माझ्या मनात ठसलेलं उदाहरण सांगतो. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. गोठ्यातल्या शेळीला आवळा खावा लागत नाही. आपल्याला लागतो, कारण ते जीवनसत्त्व तयार करण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. मोडलेलं, पण पुसलं गेलेलं नाही, अवशेष अजून आहेत. चिंपांझीतही ते मोडलेलं आहे, आणि मोडतोडीच्या खुणा आपल्याशी जुळणाऱ्या आहेत. गिनीपिगमध्येही ते मोडलेलं आहे, पण वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या रीतीने. म्हणजे गिनीपिगने आपली चूक स्वतंत्रपणे केली, आणि माणूस व चिंपांझी यांनी एकाच पोथीतून उतरवून घेतली.

सरळ_प्रश्न, तुम्ही खात्री कशाची म्हणालात. एका चुकीवर कोणीच खात्री बांधत नाही. डीएनएच्या पोथीत अशा लाखो जागा तपासता येतात. हाडांवरून काढलेलं झाड आणि डीएनएवरून काढलेलं झाड, दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या पुराव्यांवर काढलेली, तरी बहुतांशी जुळतात. जिथे जुळत नाहीत तिथे अभ्यास पुन्हा सुरू होतो.

---

सरळ_प्रश्न (बुधवार, सकाळी ८:२०)

पाठभेद सर, समजलं. पोथीच्या चुकांचं उदाहरण मी उद्या वर्गात वापरणार. मुलांना आधी एक उतारा एकमेकांवरून नक्कल करायला लावतो आणि मग कोणी कोणाचा पाहिला ते चुकांवरून शोधायला सांगतो.

जिथे जुळत नाहीत असं म्हणालात, त्याचं एखादं उदाहरण?

---

खडकवेडा (बुधवार, रात्री ११:३०)

ते माझ्याकडून घ्या. भूशास्त्र हा माझा विषय, आणि ही गोष्ट आपल्या उपखंडातल्या खडकांत घडली आहे.

देवमासा सस्तन आहे हे सगळ्यांना माहीत. पण सस्तनांत तो कोणाचा? १९६६ पासून एक मत पक्कं होत गेलं की तो मेसोनिकिड नावाच्या नष्ट झालेल्या, खुरांच्या मांसाहारी प्राण्यांपासून आला. आधार होता दातांचा. दात खरंच विलक्षण सारखे होते. मग १९९० च्या दशकात डीएनए आलं आणि ते म्हणालं, देवमासा हिप्पोचा! जपानमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये डीएनएत जागोजागी घुसून बसलेले काही तुकडे दाखवले, जे देवमासा आणि हिप्पो या दोघांत नेमक्या त्याच जागी आहेत. पाठभेदांची वाटून घेतलेली चूक, अगदी तीच. हाडवाले मात्र मानेनात, आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण हाड सापडलेलं नव्हतं.

सम-खुरी प्राण्यांची, म्हणजे गाय, शेळी, डुक्कर, उंट, हिप्पो यांची एक पक्की खूण घोट्यात असते. मी एकदा मटणवाल्याकडून शेळीच्या मागच्या पायाचा घोटा न तोडता मागून घेतला आणि शिजवून हाडं सुटी केली. त्यात एक बोटाच्या पेराएवढं हाड निघतं. वरच्या बाजूला रहाटाच्या चाकासारखी खाच, आणि खालच्या बाजूलाही तशीच दुसरी. दोन चाकांचं हाड. बोटांत धरून फिरवलं की कळतं शेळी उड्या कशी मारते. हे दुहेरी चाक दुसऱ्या कुठल्याही सस्तन गटात नाही. माझ्या टेबलावर ते हाड अजून आहे.

२००१ मध्ये पाकिस्तानात अगदी आद्य देवमाशांचे घोटे सापडले. तेव्हा त्यांना पाय होते! आणि त्या घोट्यात दुहेरी चाक होतं. दोन वेगळ्या गटांनी एकाच वर्षी ते प्रसिद्ध केलं. दातांचं साम्य म्हणजे पाटीलकी होती, घोटा म्हणजे रक्त.

आता आपल्याकडची बाजू. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी खडक गोळा केले होते. त्यातल्या एका लहानशा प्राण्याला त्यांनी १९७१ मध्ये इंडोहायस नाव दिलं. बरेचसे खडक मात्र फोडायचे राहून गेले आणि ते वारले. पुढे त्यांच्या पत्नीने ते खडक हान्स थेविसन या संशोधकांकडे सोपवले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून तुटलं, आणि आतली भिंत दिसली. एका बाजूला जाडजूड, दुसऱ्या बाजूला पातळ. अशी कानाची भिंत देवमाशांची ओळख समजली जात होती. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, बारीक पायांचा प्राणी, पाण्यात टिकून राहायला हाडं जड झालेला, आणि कान देवमाशाचा.

कच्छमध्येही आद्य देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत. अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हरुडी परिसरातले वर्णन केले. पुढे एकाला कच्छिसीटस असंच नाव मिळालं. आज जिथे खारं वाळवंट आणि काटेरी झुडपं आहेत तिथे उथळ समुद्र होता.

एक सांभाळून बोलायचं. देवमासा हिप्पोपासून झाला असं नाही. हिप्पोसुद्धा चुलतच. दोघांचा समान पूर्वज ५ कोटी वर्षांहूनही जुना, आणि तो यांपैकी कोणासारखाही दिसत नसणार.

---

आगरातली (गुरुवार, दुपारी ३:००)

खडकवेडा, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. मुलगा आता घोट्याचं हाड पाहिजे म्हणून बसलाय.

एक विचारायचं होतं. देवगांडुळाबद्दल वाचताना सेशेल्स बेटांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. हिंदी महासागरातल्या त्या बेटांचा आणि आमच्या गोठ्यामागच्या ढिगाचा काय संबंध? देवगांडूळ समुद्र पोहून जाणार नाही, खाऱ्या पाण्यात ते जगतच नाही.

---

खडकवेडा (गुरुवार, रात्री १०:१५)

ते पोहून गेलं नाही ताई, जमीनच निघून गेली.

भारत, मादागास्कर, सेशेल्स, आफ्रिका हे सगळं एका भूखंडाचं अंग होतं. मादागास्कर आधी सुटलं. सेशेल्स आणि भारत मात्र बराच काळ एकत्र राहिले, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा काळा खडक ज्या लाव्हाने घातला त्याच सुमारास ते वेगळे झाले. जमिनीवर बसलेली जनावरं दोन्हीकडे वाटली गेली. भाऊ वेगळे निघाले की भांडी वाटतात तशी.

खंडाळ्याला १९६० मध्ये नोंदवलेलं इंडोटिफ्लस बॅटर्सबीय हे देवगांडूळ, साताऱ्याच्या डोंगरातून २००४ मध्ये नोंदवलेलं इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस, आणि सेशेल्सची देवगांडुळं, ही एकाच कुळात बसतात. केरळातला जांभळा बेडूक २००३ मध्ये जगासमोर आला, त्याचेही सगळ्यात जवळचे नातलग सेशेल्समध्येच. आणि ईशान्य भारतात २०१२ मध्ये देवगांडुळांचं चिकिलिडी हे नवंच कुळ सापडलं, त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत. खडकांनी जे सांगितलं तेच या मातीतल्या जिवांच्या डीएनएने स्वतंत्रपणे सांगितलं, म्हणून मला हा विषय इतका प्रिय आहे.

---

मुशी_बांगडा (शुक्रवार, सकाळी ६:४०)

खडकवेडा दादा, बंदरावर बसून वाचलं. समोर समुद्र, आणि पलीकडे कुठेतरी आपलाच वाटणीतला तुकडा. धागा साठवून ठेवतो.

मॅडम, एक राहिलं. झाड झाड म्हणतो, पण फांद्या एकमेकींना कधी चिकटतात का?

---

फळा_आणि_खडू (शुक्रवार, दुपारी १२:३०)

चिकटतात. जिवाणू एकमेकांना जनुकं सरळ हातोहात देतात, नातं असो नसो. औषधांना दाद न देण्याचा गुण एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातो तो बऱ्याचदा असाच. म्हणून अगदी बुडाशी ते झाड कमी आणि वडाच्या पारंब्यांचं जाळं जास्त दिसतं. आणि सगळ्यात मोठी पारंबी आपल्या आत आहे. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया ही एके काळी स्वतंत्र जिवाणू होती, त्यांना अजून स्वतःचा वेगळा डीएनए आहे. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी हे ठामपणे मांडलं, तेव्हा फार थोड्यांनी ऐकलं. आज ते पाठ्यपुस्तकात आहे.

---

आगरातली (पुढचा रविवार, सायंकाळी ६:५०)

ज्यांनी ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्या सगळ्यांना नमस्कार.

आज सकाळी पाटाच्या कडेचा एक चिरा हलवायचा होता. दिरांनी तो उचलला आणि या वेळी ओरडले नाहीत, मला हळूच हाक मारली. खाली ओल्या मातीत एक छोटी पोकळी होती, आणि तिच्यात देवगांडूळ गुंडाळून बसलेलं. परवाचंच की दुसरं, कोण जाणे. त्याच्या वेढ्याच्या आत अंड्यांचा घोस होता. मण्यांसारखी एकमेकांना धाग्याने जोडलेली, काचेसारखं आवरण, आत पिवळसर बलक. वर टणक कवच नाही. मुलगा म्हणाला, "आई, पाण्याची पिशवी नाही ना यांना? म्हणून ही ओल्यात." मी नुसती मान हलवली.

यांतून निघणाऱ्या पिल्लांना आधी कल्ल्यांची खूण असेल आणि ती पाटाच्या पाण्यात उतरतील, असं वाचलंय. चिरा होता तसा परत ठेवला. सासूबाईंनी त्यावर सुपारीची एक झावळी आडवी टाकली, कोणी पाय देऊ नये म्हणून.